खान्देशातला रोजचा नाष्टा आणि दुपारचं जेवण: तुमचं नेहमीचं हॉटेल कोणतं?

तापीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, खान्देशी जेवण म्हटलं की सगळे मांडे आणि पंगतीतल्या वरण-बट्टीवर जातात, पण ते झालं घरचं आणि लग्नाकार्याचं. मला ऐकायचंय ते रोजचं, कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं, गाडीवरचं, खानावळीतलं. दुकानाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, पण कधी जायचं, काय मागायचं आणि तिथं जेवतं कोण हे लिहाच. हॉटेल चांगलं की वाईट हे रोज येणारी माणसं ठरवतात असं माझं ठाम मत आहे.

मी सुरुवात करतो. जळगावात दाणा बाजाराजवळ कामाला आहे, सकाळी सातला हमाल आणि गाडीवाले जिथं उभे असतात तिथंच मीपण नाष्टा करतो, कारण त्यांना पुढे दुपारपर्यंत पोती उचलायची असतात, पोटाला धरेल असंच लागतं, आणि तेल जुनं वाटलं की ती माणसं दुसऱ्या दिवशी सरळ समोरच्या गाडीवर जातात. पोह्यांवर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि सोबत तळलेली मिरची. कचोरी कढईतून निघताना घ्यायची, नंतर ती मऊ पडते.

धुयेकर
शेवभाजीशिवाय हा धागा पुढे कसा जाईल भो! आमच्या धुळ्याला आग्रा रोडवर ट्रकवाले जेवायला थांबतात ते त्या रश्श्यासाठी. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजायचं, लाल मिरची, धणे, लसूण, खडा मसाला सगळं बारीक वाटून तेलात इतकं परतायचं की तेल बाजूला सुटलं पाहिजे, मग त्यात गरम पाणी, आणि शेव अगदी शेवटी, ताट समोर आल्यावर. शेव जाड आणि तिखटच पाहिजे, बारीक फरसाणवाली टाकली की लगदा होतो. पार्सल नेताना शेव वेगळी बांधून मागा. कितीतरी जण पाटवडी मागतात तीपण याच रश्श्यात, पण माझ्यासाठी शेवच. भाकरी चुरायची, वर रस्सा, कांदा बुक्कीने फोडायचा. मालक रस्सा पुन्हा वाढताना विचारत नाही, "जेवी ले भो" म्हणतो आणि ओततो. रस्सा मोजून देणाऱ्या हॉटेलात मी पुन्हा जात नाही.

यावलकर
आमच्याकडे थंडी पडली की दुपारचं जेवण म्हणजे भरीत, बास. यावल, रावेर, फैजपूर, सगळा पट्टा. हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, गॅसवर ती चव येतच नाही, कोणी काहीही म्हणो. सालं काढून लाकडी बडगीत ठेचतात, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल, हात आखडता नाही घ्यायचा. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, थोडं मीठ टाकून. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आमच्या केळीलापण त्याच वर्षी. सीझनमध्ये भरीत सेंटरवर किलोवर मिळतं, केळी कापणीवरचे मजूर, बँकेतले साहेब, सगळे एकाच बाकावर. आता काही ठिकाणी उन्हाळ्यातही भरीत देतात, मी खात नाही, वांग्यात बी झालेलं असतं आणि चव कडवट लागते.

नंदुरबारची माहेरवाशीण
आमच्या नंदुरबारचा नाष्टा वेगळा, सुरत-भुसावळ लाइनवर असल्यामुळे अर्धं गुजरात ताटातच. सकाळी फाफडा, पपईचा संभारा, तळलेली मिरची, जिलेबी, खमण. दुपारी मात्र दादरची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, भाकरी आणि उडदाची डाळ, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. दसऱ्यानंतर मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी मैदानं, लागतात, तिथं काम करणाऱ्या बाया जेवतात त्या खानावळीत मी आईबरोबर जायचे. तिथल्या मावशी भाकरी थापत्या थापत्या वाढायच्या, आणि दोघी बायका एकट्या आल्या तरी कोणी वळून बघायचं नाही. हे लिहायलाच पाहिजे, कारण बऱ्याच चांगल्या चवीच्या हॉटेलांत बाईला एकटीला बसावंसं वाटत नाही. मालकांनी भिंतीकडची दोन टेबलं जरी बायकांसाठी ठेवली ना, तरी किती फरक पडेल.

विद्यापीठ रोड
ताईंशी शंभर टक्के सहमत. मी बांभोरीला विद्यापीठात शिकत होते तेव्हा मैत्रिणी मिळून एका काकूंची मेस लावलेली. आठवड्यातून एकदा खिचडी, तूरडाळ आणि मसाला घातलेली, वर तेल, पापड, कढी असली की मुली दोनदा वाढून घ्यायच्या. परीक्षेच्या काळात काकू डबा उशिरापर्यंत गरम ठेवायच्या, वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. बाहेरगावच्या मुलींना त्या वयात असं कोणी भेटणं फार मोठी गोष्ट आहे.

भुसावळ जंक्शन
थोडक्यात लिहितो. रेल्वेची ड्युटी रात्रीची असेल तर स्टेशनबाहेर पहाटे चहा आणि मूगभजी. घाण्यावरच थांबा, आधी तळून ठेवलेली घेऊ नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारचं जेवण बाराच्या आत उरका, नंतर निम्मी हॉटेलं शटर ओढतात आणि उघडी असतात तिथंही तिखट रस्सा अंगावर येतो. ताक मागा.

पुण्यात अडकलेली
यावलकर दादा, डिसेंबरात येतेय. भरीत पुण्याला आणता येईल का? रात्रीच्या गाडीने निघणार आहे.

यावलकर
येईल ना ताई. सेंटरवाल्याला सांगा की कांद्याची पात आणि कोथिंबीर वेगळी बांध, ती मिसळली की पाणी सुटतं आणि भरीत आंबतं. पूर्ण थंड झाल्यावरच स्टीलच्या डब्यात भरायला लावा, प्लास्टिकमध्ये गरम अजिबात नको. कळण्याच्या पुऱ्या कागदात. संध्याकाळच्या घाण्यातलं घ्या, सकाळचं नाही, आणि पोचल्यावर पात टाकून वर थोडं गरम तेल सोडा.

तापीकाठ (धागाकर्ता)
अजून शिरपूर, शहादा, चाळीसगाव, अमळनेरकडून कोणीच आलं नाही. अमळनेरवाले तर नक्की आहेत इथं. प्रताप कॉलेजच्या आसपास सकाळी काय खायचं तेवढं तरी लिहा, पुढच्या आठवड्यात जातोय.