ईगल्स नेस्ट : मुक्काम डोंगरावर की खाली गावात?

अजिंक्यतारा
जूनमध्ये आम्ही चौघं साल्झबर्गला असू. तिथून जर्मनीत जाऊन हिटलरचा डोंगर बघायचा आहे. साताऱ्यातला एक एजंट म्हणतोय, 'हिटलरच्याच हॉटेलात' रात्र काढता येते. खरं आहे का? बाबांचे गुडघे दुखतात. आई अंडंही खात नाही.

कृष्णाकाठ
एजंटाकडून हॉटेलचं नाव लिहून घ्या. ईगल्स नेस्ट म्हणजे केलस्टाइनहाउस, नाझींनी डोंगरमाथ्यावर हिटलरसाठी बांधलेलं घर. १९३८ साली बांधून झालं. आज तिथे रेस्टॉरंट आहे, राहायला खोली एकही नाही. हिटलर तिथे मोजक्या वेळाच गेला. तो राहायचा खालच्या 'बर्गहोफ' नावाच्या घरात, आणि त्याचे उरलेसुरले अवशेष १९५२ मध्ये सुरुंगाने उडवले.

हॉटेलांची गोष्ट वेगळी. नाझींनी तिथल्या जुन्या रहिवाशांना आणि हॉटेलवाल्यांना हुसकावून सगळा डोंगर ताब्यात घेतला. बर्गहोफशेजारच्या 'झुम ट्युर्केन' हॉटेलच्या मालकालाही घालवलं आणि तिथे पहारेकरी बसवले. युद्धानंतर ते कुटुंबाला परत मिळालं. जुन्या ब्लॉगांत तिथल्या खोल्या आणि तळघरातले बंकर सापडतील, त्या माहितीवर बेत आखू नका. 'प्लाटरहोफ' १९९५ पर्यंत अमेरिकन सैन्याचं हॉटेल होतं, नंतर पाडलं. तुमची बस सुटेल तो वाहनतळ त्याच जागेवर आहे. आज डोंगरावर आलिशान म्हणावं असं जे हॉटेल आहे ते २००५ मध्ये नव्याने बांधलेलं. 'हिटलरचं हॉटेल' म्हणून एजंट बहुधा तेच खपवतोय.

मिरज_जंक्शन
माझं मत, मुक्काम खाली बेर्ख्तेसगाडेन गावात. खाणंपिणं, दुकानं, स्टेशन सगळं हाताशी.

साल्झबर्ग स्टेशनवरून ८४० नंबरची बस, पाऊण तासाच्या आसपास. मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स नको. ऑस्ट्रिया आणि जर्मनी दोन्ही शेंगेनमधले (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातला गट) असले तरी २०१५ पासून जर्मनी या सीमेवर तपासणी करते. गावातून ८३८ ने ओबरझाल्त्सबर्ग, म्हणजे हिटलरची वस्ती होती तो डोंगर. (साल्झबर्ग वेगळं, हे वेगळं. मोबाईलवर शोधताना हमखास घोळ होतो.) पुढे ८४९, ही खास डोंगराची बस. वरचा साडेसहा किलोमीटरचा रस्ता १९५२ पासून खाजगी गाड्यांना बंद आहे. पाच बोगदे आणि यू-आकाराचं वळण मात्र एकच, त्यामुळे पसरणी घाटात ज्यांना मळमळतं त्यांनाही फारसा त्रास होऊ नये.

वर उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ नक्की करून घ्या. लोक आधी फोटोंमागे धावतात आणि मग हवी ती बस भरलेली असते. पुढे १२४ मीटरचा सपाट बोगदा आणि त्याच्या टोकाला पितळी आरशांची लिफ्ट, तीही १२४ मीटरच चढते. बाबांना चढ नाही. पण बोगदा दमट आणि गार असतो, स्वेटर हातात ठेवा. लिफ्टच्या रांगेत उभं राहावं लागतं, गुडघ्यांचा प्रश्न तिथे येईल. पहिल्या बसने जा.

आईंसाठी : चीज घातलेले 'केझेश्पेट्झले' शाकाहारी म्हणून देतात, पण त्याच्या पिठात अंडं असतं. 'कायझरश्मार्न' या गोड पदार्थातही. डब्यात दशम्या न्या.

अजिंक्यतारा
आभार. आणि धुकं असलं तर?

मिरज_जंक्शन
तर वर जाऊच नका. १८३४ मीटर म्हणजे महाबळेश्वरपेक्षा साडेचारशे मीटर उंच. ढगात शिरल्यावर पावसाळ्यातला आर्थर सीट आठवेल, पैसे देऊन पांढरं बघायचं. निघण्याआधी परिसरातले वेबकॅम पाहा. सकाळी ढग असतील तर आधी खालचं 'डोकुमेंटात्सिऑन' हे नाझी काळावरचं संग्रहालय बघा, दोन तास धरा. १९९९ पासून आहे, २०२३ मध्ये नवं प्रदर्शन लागलं. खाली बंकर आहेत. खरं तर ऊन असलं तरी हे चुकवू नका. वर गेल्यावर फक्त निसर्ग दिसतो. त्या निसर्गात बसून काय ठरत होतं, ते इथे कळतं.

हंगाम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. उशिरा बर्फ पडला तर सुरुवात लांबते.

वाईचा_घाट
एक राहिलं. गंमत म्हणूनही हात वर करून नाझी सलामीचा फोटो काढू नका. जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे 'हिटलरसारखी शिस्त' सर्रास म्हणतात, ते तिथे मोठ्याने नको. आईंच्या पिशवीवर किंवा लॉकेटवर स्वस्तिक असेल तर हॉटेलवरच ठेवा. धार्मिक चिन्हावर बंदी नाही, पण ते तिथे कोणाकोणाला समजावत बसणार?