मदत हवी आहे: लेकीच्या डोक्याचा घेर कमी भरतोय

आमची लेक ३२ व्या आठवड्यात झाली. वजन १ किलो ४५० ग्रॅम, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता पाच महिन्यांची आहे. आम्ही बीड जिल्ह्यात, तालुक्यापासून जरा आडबाजूला राहतो.

परवा डोक्याचा घेर ३८ सेंमी भरला. पाच महिन्यांच्या मुलीच्या तक्त्यावर तो खालच्या रेषेच्याही खाली जातो, पण दोन महिने लवकर झाली म्हणून तीन महिन्यांची धरली तर रेषेच्या आत बसतो. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांची होईपर्यंत असंच धरायचं. मग लसीकरणाच्या वेळी कार्डावर पाच महिन्यांप्रमाणे खूण करून 'डोकं लहान आहे' असं का सांगतात? त्यात टेप शिंप्याची, तीही टोपडं न काढता लावलेली! कपाळाच्या उंचवट्यावरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्यायची असते ना?

लेकरू अंगावर चांगलं पितं, हसतं, आवाजाकडं वळतं. टाळू सपाट आहे, उलट्या नाहीत. डोकं मात्र दोन्ही बाजूंनी चपटं, लांबुळकं. सासूबाई तेल लावून दाबून गोल करू म्हणतात, मी हातसुद्धा लावू देत नाही.

कमी दिवसांचं बाळ वाढवलेल्या आयांनो, घेर कधी भरून निघाला? टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी पुन्हा करायला सांगितली होती का? आणि बीड, लातूर किंवा संभाजीनगरला अशा बाळांची वाढ नियमित तपासणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.