मदत हवी आहे: कढीपत्ता पिवळा पडतोय, लवकर सांगा

घोडबंदरी: कढीपत्त्याची पानं पिवळी पडताहेत. खत घालून झालं, फरक नाही. पुढच्या आठवड्यात गावाला जायचंय, त्याआधी काय करू? आईने लावलेलं झाड आहे, जाऊ द्यायचं नाहीये.

खारघरकर: कुठली पानं, शेंड्याची की बुंध्याकडची? ऊन किती? खत कुठलं? फोटो टाका.

ऐरोलीची काकू: आंबट ताक! पाण्यात पातळ करून घाला. आमचं झाड त्यावरच गॅलरीच्या छताला लागलंय.

घोडबंदरी: ताक घालून झालं. कुंडीत आहे, ऊन भरपूर. खत नेहमीचंच.

खारघरकर: नेहमीचं म्हणजे कुठलं? आणि पानांचं उत्तर राहिलंच, सगळं त्यावर ठरतं. नायट्रोजन, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह एकदा पानात गेलं की फारसं हलत नाही. त्याची कमतरता शेंड्याला दिसते.

हिरवा_अंगठा: एवढं शास्त्र कशाला? चमचाभर युरिया टाका. ४६ टक्के नायट्रोजन असतो, झाड लगेच तरारतं.

खारघरकर: कारण कळायच्या आत युरिया नको. कुंडीत जरा जास्त झाला तरी मुळं करपतात.

घोडबंदरी: शेंड्याची. कोवळं पान पिवळट पांढरं, शिरा मात्र हिरव्यागार. खालची ठीक आहेत. खत म्हणजे अंड्याची टरफलं आणि गावाहून आणलेली चुलीतली राख.

खारघरकर: मग लोहच. राखेने मातीचा सामू (pH) वाढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो, टरफलंही हळूहळू तेच करतात. सामू वाढला की लोह मातीत असूनही विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. दोन्ही बंद करा. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहील अशा रूपातलं लोह, आणून पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा. कुंडीखाली ताटली आहे का?

ऐरोलीची काकू: ताक आंबट असतं, म्हणजे मी बरोबरच सांगत होते!

खारघरकर: काकू, दिशा बरोबर आहे, पण रोज राख पडत असेल तर ताक कुठवर पुरणार? शिवाय मुंग्या लागतात.

वाशीचा_विज्ञानप्रेमी: मुळात झाड माती खाऊन वाढतं हा समज सोडा. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने कुंडीत विलोचं रोप लावून ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोने वाढलं, माती जेमतेम ५७ ग्रॅमने घटली. त्याला वाटलं सगळं पाण्यातून आलं. पण झाडाच्या कोरड्या वजनातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून.

हिरवा_अंगठा: मग खतं विकत घेणारे सगळे वेडे का?

वाशीचा_विज्ञानप्रेमी: असं कोण म्हणतंय? आमटीत मीठ किती असतं, पण त्याशिवाय घास उतरतो का? लोहाचं तसंच. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, मॅग्नेशियम असतं. पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयारच होत नाही.

मोगरा_प्रेमी: माझ्या मोगऱ्याला कळ्या येत नाहीत, इथेच विचारू का?

घोडबंदरी: ताटली आहे आणि ती भरलेली असते. काढली तर पाणी खालच्यांच्या कपड्यांवर पडतं, सोसायटीत तक्रार होते.

खारघरकर: ठेवा, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ओता. मुळांनाही श्वासाला ऑक्सिजन लागतो. सतत पाण्यात राहिली की ती लोह घेऊ शकत नाहीत. वरची माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी नको.

घोडबंदरी: चिलेटेड लोह नर्सरीत मिळेल? आणि पिवळी पानं खुडू का?

खारघरकर: मोठ्या नर्सरीत किंवा शेतीच्या औषधांच्या दुकानात विचारा. पानं राहू द्या. सगळी हिरवी होतीलच असं नाही, नवी पालवी कशी फुटते ते बघा. गावाला असताना पाणी कोण घालणार?