मदत हवी आहे : हिब्रू शब्द धातूंवरून शिकताना येणाऱ्या अडचणी

नमस्कार.

नोकरीनिमित्त आम्ही सध्या इस्रायलमध्ये रेहोवोत येथे राहत आहोत. उल्पानमधील, म्हणजे प्रौढांसाठीच्या हिब्रू वर्गातील, अभ्यासाच्या जोडीला मी रोजच्या वापरातले शब्द धातूंवरून शिकत आहे. त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

बहुतेक हिब्रू शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, हे कळल्यावर काम पुष्कळ हलके झाले. खेत-शीन-बेत या धातूवरून खाशाव म्हणजे विचार केला, माख्शेव म्हणजे संगणक, खाशुव म्हणजे महत्त्वाचे आणि हॉटेलात मागायचे बिल ते खेश्बोन. हा शेवटचा शब्द अरबीतून आलेल्या आपल्या ‘हिशेबा’चा भाऊबंद असल्याने तो पाठ करावाच लागला नाही. धातूइतकेच साचेही उपयोगी पडतात. मुलीच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत खात्सेवेत, खाझेरेत, आदेमेत असे शब्द ओळीने दिसले, तेव्हा हा आजारांच्या नावांचा साचा असावा हे लक्षात आले. त्यांतील पहिले दोन म्हणजे गोवर आणि गालगुंड. तिसरा, रुबेला, तर आदोम म्हणजे लाल यावरून थेट उलगडला.

अडचण पुढे आहे. माताना म्हणजे भेटवस्तू हा शब्द नातान म्हणजे दिले याच धातूचा आहे, हे नून (न) हे अक्षर गळून गेल्यामुळे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. बोलण्यात खेत आणि खाफ या अक्षरांचा उच्चार सारखाच होत असल्याने ‘माखार’ कानावर पडले की ‘उद्या’ की ‘विकले’ हे संदर्भावरूनच ठरवावे लागते आणि धातू शोधणे बाजूलाच राहते. शिवाय सेफेर (पुस्तक), सिपूर (गोष्ट) व मिस्पार (संख्या) यांच्या पंक्तीत सापार (न्हावी) आणि मिस्पारा (केशकर्तनालय) यांना बसवावे, की अक्षरे तीच असली तरी तो वेगळा धातू मानून निराळ्या पानावर लिहावे?

नून किंवा योद गळणाऱ्या धातूंसाठी आपण कोणती युक्ती वापरता? नवशिक्याने आधी क्रियापदांचे सात बिन्यान, म्हणजे रूपांचे साचे, पक्के करावेत, की नामांच्या साच्यांपासून सुरुवात करावी? येथे स्थायिक झालेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठीभाषक ज्यू, कुटुंबांपैकी कोणी हे वाचत असल्यास, घरातील मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हिब्रू कशी आत्मसात केली हे अवश्य लिहावे. व्याकरणाची पुस्तके माझ्याजवळ आहेत. मला हवी आहे ती बाजारात आणि दवाखान्यात चालणारी पद्धत.