मदत हवी आहे: लहान मुलांना घेऊन जुन्नर भागात तंबूत राहायचं आहे. बिबट्या, रानडुक्कर, साप यांचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमच्या घरातले अकरा जण, त्यांत चार मुलं (वय ४ ते ११), जुन्नरच्या बाजूला धरणाकाठी तंबूत दोन रात्री राहायला जायचं ठरलंय. मोठ्या जाऊबाईंनी पाच हजार आगाऊ भरलेत. जावं की नको आणि गेलो तर काय काळजी घ्यावी, हे विचारायला हा धागा काढते आहे. जरा लांबलाय, पण आधी काय घडलं ते सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी, नवरा, सासूबाई आणि दोन्ही मुलं (मुलगी ७, मुलगा ४) पानशेतच्या मागच्या अंगाला तंबूत राहायला गेलो होतो. सिंहगड रोडला राहतो, त्यामुळे खडकवासला-पानशेत म्हणजे आम्हाला अंगणासारखं. बुकिंग करताना मी मालकांना मुद्दाम विचारलं होतं, "जनावर वगैरे येतं का हो रात्री?" ते म्हणाले, "नाही हो मॅडम, इथं काही नाही येत. सगळ्या फॅमिलीच असतात." जागेचं नाव देत नाही, कारण मला तक्रार करायची नसून शिकायचंय.

संध्याकाळ फार सुंदर गेली. शेकोटी, कोळशावर भाजलेलं चिकन, मग पिठलं-भाकरी. जेवणं झाल्यावर तिथल्या पोरांनी उरलेला भात आणि हाडं स्वयंपाकाच्या शेडमागे उघड्यावरच टाकली. आमच्या तंबूपासून पन्नासेक पावलांवर. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

रात्री पावणेतीनला जाग आली. आधी वाटलं शेजारच्या तंबूत कोणी घोरतंय. मग तो आवाज सरकायला लागला. हुंगण्याचा आवाज होता, ओला आणि घाईचा. मुलगी कडेला झोपली होती. तिच्या डोक्याशी तंबूचं कापड आत आलं, वाटीएवढा फुगवटा. मागे गेला, पुन्हा थोडा खाली आला. तिच्या उशाशी सासूबाईंची पिशवी होती आणि त्यात राजगिऱ्याचे लाडू आणि केळी, नातवाला रात्री भूक लागते म्हणून. मी पोरीला पायांना धरून मधे ओढलं. ती जागी झाली, रडली नाही, नुसतं माझं मनगट धरून ठेवलं. नवरा टॉर्च घेऊन चेन उघडायला निघाला तर सासूबाईंनी त्याचा दंड पकडला. "बाहेर जायचं नाही. गप पड." तेवढ्यात बाहेर बारीक चिरकल्यासारखे आवाज आले. पिल्लं होती. मग शेडकडे बादली पडली, कुत्री भुंकायला लागली आणि सगळं शांत झालं.

सकाळी कापडावर बाहेरून मातकट डाग होता. दोन नाकपुड्यांच्या जागा वेगळ्या कळत होत्या. शेडमागची जमीन नांगर फिरवल्यासारखी उकरलेली. मालकांना दाखवलं तर म्हणाले, "डुक्कर होय? ते तर रोजच येतं."

रोजच येतं! आणि मला फोनवर काही येत नाही म्हणून सांगितलं.

तेव्हापासून मुलगी झोपताना भिंतीवर थाप मारून बघते, पक्की आहे ना म्हणून. पण त्याच सकाळी तिने बाबांसोबत चिखलातले खुरांचे ठसे मोजले होते आणि पिल्लांचे किती, आईचे किती ते मला येऊन सांगितलं होतं. परवा म्हणाली, "आपण परत जाऊ या, पण लाडू न्यायचे नाहीत." तिला रानाची कायमची भीती बसावी असं मला अजिबात नकोय. पण हौसेपोटी चार पोरांचा जीव धोक्यात घालणंही नको.

जानेवारीच्या जागेचे फोटो पाहिले. समोर पाणी आणि बाकी तिन्ही बाजूंना ऊस. नारायणगावच्या मावशी फोटो बघूनच म्हणाल्या, "अगं, आम्ही अंगणात झोपायचं सोडलं, तुम्ही कापडात कशा झोपणार?"

तर मला विचारायचंय ते हे. अशा ठिकाणी मुलांना घेऊन तंबूत राहणं शहाणपणाचं आहे का? मालकांना नेमकं काय विचारलं की खरं उत्तर मिळेल? त्या रात्री आम्ही गप्प राहिलो ते बरोबर की चूक? रात्री बाहेर शौचालयाला जायचं तर कसं? आणि साप-विंचवाचंही सांगा, कारण सासूबाई गादी खाली जमिनीवरच घालतात.

---

ओतूरवाला:

ताई, मी इथलाच, शेती करतो. स्पष्ट सांगतो, तंबू नको.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. अडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. गारवा, आडोसा, पाणी, आसपास कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याची मादी उसातच विते. आमच्याकडचे कितीतरी बिबटे उसातच जन्मले आणि उसातच वाढले. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत हेच. आणि तुम्ही येताय जानेवारीत, म्हणजे तोडणी जोरात असते. फड तुटला की मादी पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या फडात जाते. या दिवसांत तिच्या वाटेत कोणी यायलाच नको.

मालक म्हणाला "इथला बिबट्या वनखात्याने धरून नेलाय", तरी निर्धास्त होऊ नका. एकाला नेलं की ती जागा दुसरा घेतो. धरलेले बिबटे लांब नेऊन सोडल्याने हल्ले उलट वाढतात, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून पुढे आलंय.

बुकिंग करताना "जनावर येतं का" असं विचारूच नका, त्याला नाहीच म्हणतात. "खरकटं कुठं टाकता?" विचारा. "कुत्री किती पाळलीत?" विचारा. लोकांना वाटतं कुत्री म्हणजे राखण. बिबट्याला कुत्रं म्हणजे जेवण. हाडं उघड्यावर पडली की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे तो येतो. "शौचालय खोलीला लागून आहे का?" हे तिसरं. अंधारात उघड्यावर बसायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. चार वर्षांचं पोर तर उभं असलं तरी तेवढंच.

दिवस मावळला की पोरं आत. बाहेर जायचंच तर दोन मोठी माणसं, मधे पोर, हातात काठी आणि टॉर्च, मोबाईलवर गाणी मोठ्याने. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. पोराला उचलून घ्यायचं, हात वर करून ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरायचं. जागा न सोडता अडून बसलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर लावा.

---

वेल्हेकर_संजय:

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पिल्लांसकट मादी बाहेर असताना चेन उघडून टॉर्च मारला असता तर ती थेट अंगावर आली असती. रानडुकराला दिसतं बेताचं, नाक मात्र फार तिखट. पिल्लांच्या आणि तिच्या मधे कोणी आलं की ती विचार करत नाही.

फक्त पुढच्या वेळी अगदी गप्प राहू नका. आतूनच नेहमीच्या आवाजात बोलायला लागा, टाळ्या वाजवा. आत माणसं आहेत हे कळलं की बहुतेक वेळा ते निघून जातं. त्याला तुम्ही नको होता, लाडू हवे होते. खाण्याचं एकूण एक सामान घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा गाडीच्या डिकीत. टूथपेस्ट आणि वासाचा साबणही.

---

सिस्टर_मीना:

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. सासूबाईंची गादी जमिनीवर नको, एवढं माझं ऐकाच.

मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्यांना चावते. दात इतके बारीक की कित्येकदा खूणसुद्धा सापडत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. मूल पहाटे पोट धरून रडायला लागलं तर "रात्री जास्त खाल्लं असेल" म्हणून थांबू नका. पापण्या बघा आणि निघा. थंडीत साप कमी फिरतात हे खरं, पण शेकोटीसाठी रचून ठेवलेल्या लाकडांत, दगडांत असतातच. खाट, मच्छरदाणी आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या, ही जुनी पद्धत आजही सगळ्यांत चांगली. बूट सकाळी झटकून घालायचे.

चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. फळी किंवा जाड पुठ्ठा लावून हातपाय हलणार नाही असा बांधा, चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. आम्हाला लोक पिशवीत जिवंत साप आणून द्यायचे! जायच्या आधीच जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का विचारून ठेवा.

विंचवाचंही तसंच, वेळ घालवू नका. लाल विंचू चावून पूर्वी कोकणात फार मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यापासून चित्र पालटलं. पण गोळी वेळेत पडायला हवी. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की दवाखाना.

---

गडवाट_पुणे:

शिवनेरी, लेण्याद्री करणार असाल तर आग्यामोहोळं लक्षात ठेवा. त्या कड्यांवर असतात. धूर, भडक अत्तर, दगड मारणं, आरडाओरडा, काहीच नको. उठलीच तर हातवारे न करता तोंड झाकून लांब पळायचं. बिबट्यासमोर पळू नका आणि माश्यांपुढे पळा, हे मुलांना घरीच दोन-तीनदा खेळ करून शिकवा, आयत्या वेळी गोंधळ होतो.

आणि जनावर दिसलं तर मोबाईल घेऊन मागे लागू नका, दुसऱ्यांनाही लागू देऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता. लोकांची गर्दी आणि पाठलागात तो इतका दमला की पकडल्यावर मेला. मी त्या दिवशी रस्त्यावर होतो. त्याच्या तोंडाला आलेला फेस विसरता येत नाही.

---

(धागा काढणारी):

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळे प्रतिसाद नवऱ्याला आणि जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाईंना संजय यांचा नमस्कार पोचवला. त्या लहानपणी भोरच्या बाजूला आजोळी मचाणावर झोपायच्या, म्हणून त्यांना कळलं म्हणे. लग्नाला दहा वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं.

आज जुन्नरच्या मालकांना ओतूरवाल्यांचे तिन्ही प्रश्न विचारले. खरकटं "मागे ओढ्यात". कुत्री सहा. शौचालय तंबूंपासून "जवळच, दोन मिनिटांवर". मी बुकिंग रद्द केलं. अर्धे पैसे परत मिळणार आहेत, उरलेल्यांचं दुःख नाही.

आता मावशींच्या ओळखीच्या एका शेतघरी दोन पक्क्या खोल्या मिळाल्या आहेत. शौचालय आतच आहे, खाटा सहा आहेत, दोन आम्ही नेतोय. दुपारी पाण्यावर जाऊ आणि पाचच्या आत परत. सिस्टर, रुग्णालयात सोमवारी फोन करते. ओतूरवाले दादा, शेतघराच्या एका बाजूला ऊस आहे, पण तो डिसेंबरअखेर तुटेल असं म्हणाले. तुटल्यावर पहिले काही दिवस जास्त जपायचं का? तारीख आठवडाभर पुढे ढकलता येईल, तेवढं सांगा.

लेकीने काल स्टीलचा मोठा डबा काढून त्यावर कागद चिकटवलाय, "खाऊ – डिकी". त्यातून लाडू काढायचा तर तिला विचारून.