कान राहूनच जातात

एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) ५० चं सनस्क्रीन लावूनही चेहरा रापतो, मग ३० चा काय उपयोग, असं कुणीतरी विचारलंय. आकड्यांत फार फरक नाही हो: ३० वालं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे किरण, अडवतं, ५० वालं ९८. घोळ असतो तो प्रमाणात. आपण वाटाण्याएवढं घेतो आणि चेहराभर फिरवतो. खरं तर दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा लागतात. दर २ तासांनी परत, घाम पुसला की लगेच. माझं काम दिवसभर उन्हातलं. चेहरा शाबूत राहिला, पण कानांची वरची कड सोलून निघाली, कारण टोपीला झापड फक्त पुढे! आता चहूबाजूंनी काठ असलेली टोपी घालतो. सीरमबिरम सोडलं, रात्री साधं मॉइश्चरायझर पुरतं.