सदरच्या चर्चमधली गुरुवारची बैठक

नमस्कार मंडळी,

माझा भाऊ नागपूरला, सदरमध्ये राहतो. त्याचं पिणं आता फार वाढलंय. शेजारणीने वहिनीला सांगितलं की जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांची बैठक असते. वहिनीला जायचंय. आई मात्र म्हणते, "आपण चर्चमध्ये कशाला? उद्या प्रार्थनेला बसा म्हणतील." कुणाला माहिती आहे का?

— सदरची लेक

*

ताई, नमस्कार.

वहिनींना जाऊ द्या. मी त्याच चर्चच्या मंडळीत वाढलो. गेल्या हिवाळ्यात चार महिने आईजवळ होतो, तेव्हा गुरुवारी हॉल उघडून खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे होतं.

ती बैठक चर्चची नाहीच. पिणाऱ्यांसाठी ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस असतं, घरच्यांसाठी अल-अनॉन. ए.ए. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या बायकोने मैत्रिणीला घेऊन 1951 मध्ये अल-अनॉन उभं केलं. दोन्ही कुठल्याच धर्माशी बांधलेली नाहीत, चर्च फक्त जागा देतं. ईश्वराचा उल्लेख होतो, पण ज्याला जसा उमगला तसा. मंगळसूत्र घातलेल्या बाया येतात, मोहननगरहून बुरख्यातल्याही येतात. पूर्ण नाव सांगावं लागत नाही. आत काय बोलतात ते मला ठाऊक नाही, कारण दार लावून मी बाहेर बसायचो. येताना मान खाली घालून येणाऱ्या बाया परत जाताना गेटपाशी अर्धा अर्धा तास बोलत उभ्या राहायच्या, एवढं मी पाहिलंय.

आईंना सांगा, रविवारची उपासना वेगळी. पेटी-तबल्यावर भजनं, वचन, पाळकसाहेबांचा संदेश. ना. वा. टिळकांची भजनं अजून म्हणतात, आणि ती ऐकून आईंना परकं वाटणार नाही. शेवटी आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. माझ्या वडिलांचं नाव त्या यादीत दहा वर्षं होतं, "तब्येत बरी नसते" म्हणून. ते पितात हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. दारू हा शब्द त्या दहा वर्षांत आमच्या बाकावर कुणी उच्चारला नाही, आईनेही नाही. तेव्हा गुरुवारची बैठक असती तर आई एकटी पडली नसती. म्हणून एवढं लिहितोय.

2025 चा नाताळ नेमका गुरुवारी आला. हॉलमध्ये मंडळीचं जेवण ठरलेलं. कमिटीतले काही म्हणाले, एक आठवडा बैठक नाही झाली तर काय बिघडलं? पण सणाच्या दिवशीच तर त्या घरांत सगळ्यात जास्त धास्ती असते. शेवटी महिला मंडळातल्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "29 नोव्हेंबर 1970 ला याच गावात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एक झाल्या, आणि आपल्याला एका खोलीची अडचण?" संध्याकाळी सहाला आम्ही मागची खोली उघडून दिली. त्या दिवशी सात जणी आल्या.

एक महत्त्वाचं: भावाने सोडायचं मनावर घेतलं तर घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याला फीट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा.

— सदरचाच, सध्या डलास

*

दादा, पत्र वाचून राहवलं नाही. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी निधीतून या कामाला काही पाठवता येईल का?

— खजिनदार

*

खजिनदारसाहेब, मनापासून आभार, पण पाठवू नका. अल-अनॉन बाहेरची देणगी घेतच नाही, येणारे आपसातच वर्गणी काढतात. चर्चला द्यायचं तर परदेशी देणगीचा कायदा आडवा येतो. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं. त्यामुळे घेणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांचे, मात्र धरतात. चुकीच्या पैशाने मंडळीच अडचणीत यायची.

डिसेंबरात नागपूरला जाणार असाल तर शनिवारी चर्चच्या महिला मंडळासोबत मेयो या सरकारी दवाखान्यात चला. पेशंटजवळ रात्र काढणाऱ्या खेड्यावरच्या नातेवाइकांसाठी त्या खिचडी नेतात. पातेली जड असतात आणि उचलणाऱ्या बहुतेक साठीच्या पुढच्या आहेत.

*

दादा,

वहिनी काल जाऊन आली. तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी मुलांना शिकवणीहून कोण आणेल, एवढंच तिने घरात विचारलं. आई म्हणाली, मी आणते.

— सदरची लेक